लिंबोणीच्या डब्यातला दाणा

मी खताचा एक दाणा बोलतोय. तुम्ही मला कधीतरी पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. रंग करडा, आकार ज्वारीहून जरा मोठा, चिमटीत धरला तर बोटांना पूड लागते. दुकानाच्या पायरीवर, सायकलच्या कॅरियरखाली आम्ही सांडलेले असतो आणि लोक आम्हाला तुडवून पुढे जातात. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आज बोलून घ्यावं म्हणतो, कारण मी विरघळत चाललो आहे आणि अर्ध्याहून अधिक संपलोसुद्धा.

आमच्या जातीला संयुक्त खत म्हणतात. एकत्र कुटुंबच ते. माझ्या एवढ्याशा अंगात तीन घरं नांदतात: नत्र, स्फुरद आणि पालाश. पोत्यावर मोठ्या अक्षरांत १२:३२:१६ लिहिलेलं असतं. शंभर किलोंत नत्र बारा, स्फुरद बत्तीस आणि पालाश सोळा, असा त्याचा अर्थ. वाटा सगळ्यात लहान नत्राचा, पण त्याला मिळवायला कष्ट सगळ्यात जास्त.

तुम्ही म्हणाल, नत्राची काय कमतरता? हवा त्यानंच तर भरलेली आहे. खरं आहे. पण हवेतला नत्र जोडीजोडीनं एकमेकांचे हात इतके घट्ट धरून असतो, की झाडाला तो सोडवून घेता येत नाही. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवर गाठी असतात, त्या गाठींतले जिवाणू हे काम शांतपणे करतात, आगीशिवाय. शेणात आणि कुजलेल्या पाल्यातही नत्र असतो, पण तो सावकाश मिळतो. सगळ्यांचं एवढ्यानं भागत नाही, म्हणून माणसानं कारखाने उभारले. तिथे नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात, हवेतून नत्र घेतात, आणि प्रचंड दाबाखाली, भट्टीसारख्या उष्णतेत, लोखंडाच्या भुग्यावरून दोघांना नेतात. तेव्हा कुठे त्यांचं जुळतं आणि अमोनिया होतो. डोळ्यांत पाणी आणणारा, नाक झोंबवणारा अमोनिया हा आमच्या घराण्याचा मूळ पुरुष.

त्याच्या पोटी आम्ही किती भावंडं! तो कार्बन डायऑक्साइडशी जोडला गेला की युरिया होतो, पांढराशुभ्र. नायट्रिक आम्लाशी जोडला गेला तर अमोनियम नायट्रेट. हा भाऊ काही देशांत शेतात राबतो आणि काही ठिकाणी खाणीतले खडक फोडतो. त्याचा स्वभाव तापट, त्याला जपून ठेवावं लागतं. मी मात्र अमोनिया आणि फॉस्फरिक आम्ल यांच्या जोडीतून झालो. नत्र थोडा कमी पडत होता म्हणून वरून युरियाही घातला, आणि परदेशातून जहाजानं आलेलं पोटॅश, म्हणजे पालाश.

माझा जन्म कसा झाला हे सांगायला मला एक सोपी गोष्ट आठवते. संक्रांतीला बायका हलवा करतात ना? परातीत तीळ, खाली मंद आच, वरून थेंबथेंब पाक, आणि हात सारखा फिरता. तिळावर पाकाचे थर चढत जातात. अगदी तसंच. फक्त आमची परात म्हणजे घराएवढं आडवं फिरतं पिंप. त्यात बारीक चुऱ्यावर गरम, दाट रबडीसारखा रस फवारायचा आणि आम्ही लोळत लोळत गोल व्हायचं. मग वाळवणी, मग चाळणी. त्या चाळणीत मी पहिल्यांदा नापास झालो. फार जाडा झालो होतो. जाड्यांना दळतात आणि बारक्यांबरोबर पुन्हा पिंपात ढकलतात. मी दुसऱ्यांदा घडलो, तेव्हा बेताचा झालो. वर तेलाचा हलका हात फिरला, म्हणजे पोत्यात आम्ही एकमेकांना चिकटू नये.

मालगाडीनं आम्ही जबलपूरला आलो. कछपुऱ्याच्या मालधक्क्यावर हमालांनी आम्हाला पाठीवर घेतलं. तिथून टेम्पोनं गोहलपूरला, पुष्पादीदीच्या दुकानात.

पुष्पादीदी म्हणजे पन्नाशीची बाई. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि तोंड दिवसभर सुरू. शेतकऱ्यांना ती अख्खं पोतं द्यायची. पण गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या लोकांसाठी एक पोतं उघडं ठेवायची, ते आमचं. त्या उघड्या पोत्यातून मी माणसं पाहिली. कोणी आम्हाला हुंगायचं. कोणी चिमटीत फोडून बघायचं. एका काकांनी तर जिभेवर ठेवून पाहिलं.

"काय बड्डे, चाट के देख रए हो? चाय के साथ दे दूँ?" पुष्पादीदी म्हणाली. जबलपुरात बड्डे म्हणजे दादा.

काका थुंकले आणि दोन किलो घेऊन गेले.

पोतं कमी कमी होत गेलं. तळाशी आम्ही थोडे उरलो, दोन महिने तसेच. कोणाचं लक्ष नव्हतं. ओल लागून काही जण गठ्ठा होऊन बसले. अशा वेळी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, रत्नाकर आले.

इस्त्रीचा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट, हातात काचेची स्वच्छ धुऊन कोरडी केलेली बरणी. खमरियाच्या कारखान्यात चौतीस वर्षं तोफगोळे भरायच्या विभागात होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हे त्यांनी दीदीला न विचारताच सांगितलं.

"दीदी, नींबू के लिए खाद दो. अच्छी वाली."

"जमीन में है कि गमले में?"

"डब्बे में. पेंट का बड़ा डब्बा."

"तो एक चम्मच बस. तने से दूर डालना भाईसाहब, और पानी देना. सुन रए हो?"

"हाँ हाँ, समझ गया," रत्नाकर म्हणाले. वयानं त्यांचा कान जरा मंद झाला होता. पण खरं सांगू? त्यांनी ऐकलं होतं. त्यांना पटलं नव्हतं, इतकंच.

आम्ही अर्धा किलो त्यांच्या बरणीत गेलो.

घर गोहलपुरातच, दोन खोल्या आणि वर गच्ची. गच्चीवर एकच झाड, लिंबोणी. कमरेएवढी, पानं जराशी फिकट. रत्नाकरांना झाडाशी बोलायची सवय नव्हती, पण घरात दुसरं कोणी नसल्यामुळे ते त्या दिवशी बोलले, म्हणून मला कळलं. खमरियाच्या क्वार्टरमागे लिंबाचं मोठं झाड होतं. त्यांच्या पत्नीनं, सुहासिनीबाईंनी, सत्तावीस वर्षं त्याची लिंबं वेचली, लोणची घातली, आजूबाजूच्या घरांत वाटली. क्वार्टर सोडताना झाड कसं आणणार? त्यांनी त्याचं एवढंसं रोप करून आणलं. कसं केलं ते रत्नाकरांनी कधी विचारलं नव्हतं. मागे राहिलेलं झाड नव्या लोकांनी स्कूटरच्या शेडसाठी तोडलं. आता त्या झाडाचं म्हणून जगात हे एवढंच होतं.

सुहासिनीबाई नागपूरला गेल्या होत्या, मुलीकडे, प्रणोतीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नाही. जाताना बाई गच्चीवर आल्या होत्या आणि नवऱ्याला बजावलं होतं, "दोन महिने हिच्याकडे पहा. बाकी घरात काही नाही केलं तरी चालते."

"ती येईपर्यंत तुला अशी गुटगुटीत करतो ना, की ओळखणार नाही," रत्नाकर लिंबोणीला म्हणाले.

आणि त्यांनी आम्हाला भरलं. देणं आणि भरणं यांत फरक आहे, तो मी त्या दिवशी शिकलो. त्यांनी लाकडी काठीनं बुंध्याभोवती सहा भोकं पाडली, अगदी सारख्या अंतरावर. प्रत्येक भोकात आम्हाला मोजून सोडलं, काठीनं ठोकलं, पुन्हा सोडलं, पुन्हा ठोकलं. मध्ये जराही पोकळी राहू दिली नाही. त्यांच्या कामात पोकळी राहिलेला गोळा म्हणजे सगळ्यात वाईट गोळा. चौतीस वर्षांत त्यांचा एकही गोळा परत आला नव्हता. वर मातीचं बूच बसवलं, हात झटकले आणि समाधानानं खाली गेले.

मी त्यांतल्या एका भोकात, बुंध्याच्या अगदी जवळ होतो. माझ्या शेजारीच एक पांढरं, दोऱ्यासारखं मूळ होतं. मला त्याच्याजवळ जायचं होतं, त्याच्यासाठीच तर मी घडलो. पण एकटा दाणा म्हणजे घास, आणि ठोकून भरलेले हजार दाणे म्हणजे मिठाची खाण. आम्ही मुळाला द्यायच्या ऐवजी मुळातलंच पाणी ओढून घेऊ लागलो. थांबता येईना. तिसऱ्या दिवशी ते मूळ तपकिरी झालं.

पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. रत्नाकरांना वाटलं ऊन लागलं. आठव्या दिवशी पानं गळायला लागली.

त्याच संध्याकाळी फोन आला. कानामुळे ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे.

"अहो, जेवले का?"

"जेवलो. प्रणोती कशी आहे?"

"पाय सुजले तिचे. बरं, व्हिडिओ लावा ना. मला लिंबोणी दाखवा."

रत्नाकरांनी करपलेल्या पानांकडे पाहिलं. "बॅटरी संपून राहिली."

दुसऱ्या दिवशी नेट नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंधार झाला होता. चौथ्या दिवसापासून त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. फोन गच्चीच्या कठड्यावर वाजत राहायचा आणि ते डब्यासमोर स्टुलावर बसून राहायचे. वाजायचा थांबला की "कामात होतो, उद्या बोलू" एवढा निरोप लिहून पाठवायचे. मी मातीत होतो, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पण स्टुलाचे पाय डब्याला टेकलेले असायचे, आणि ते गळलेलं पान उचलायला वाकले की धक्का माझ्यापर्यंत यायचा.

शेवटी ते पुष्पादीदीकडे गेले. परत आले ते जवळजवळ पळतच, आणि तिचेच शब्द स्वतःशी पुटपुटत: खोदो, निकालो, पानी पिलाओ. त्यांनी लोखंडी खुरपं घेतलं नाही. जन्मभराची सवय, ठिणगीची भीती. स्वयंपाकघरातला लाकडी कालथा आणला, आणि मुळं न दुखवता आम्हाला एकेक करून बाहेर काढून ताटलीत ठेवलं. चार तास लागले. माझे सोबती गेले. मी दोन खड्यांच्या मध्ये अडकलो होतो, अर्धा विरघळलेला, मातीच्याच रंगाचा. मी राहून गेलो.

मग पाणी. बादलीमागून बादली, सावकाश, डब्याच्या तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत. सलग तीन दिवस. माझं खारेपण माझ्याभोवतून धुऊन निघालं.

पण पानं सगळी गेली होती. उरल्या त्या काड्या.

बाळ झालं त्या दिवशी फोन सारखा वाजत राहिला. सतराव्यांदा त्यांनी उचलला.

"अहो! मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत."

रत्नाकर स्टुलावरून उठून डब्याजवळ वाकले.

"ऐकू आलं का? आजोबा झाले तुम्ही!"

"सुहास," ते म्हणाले. "मी तुझी लिंबोणी मारली."

पलीकडे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला, कोणीतरी हसलं. मग बाईंनी हळूच विचारलं, "खत भरलं का?"

"हो."

"ठोकून?"

"ठोकून."

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. "चौतीस वर्षं माझ्या लोणच्याच्या बरण्या ठोकून भरल्या या माणसानं! दर वर्षी एक फुटायची. माहीत होतं मला. खताचं सांगायचं राहिलंच."

"तू रागाव ना."

"झाडासाठी काय रागावू? झाड मेलं तर मेलं. पण तुम्ही फोन काहून उचलत नव्हते? इथं मी काय काय विचार करून राहिले होते, अंदाज आहे? एकटा माणूस घरात. पडले असतील, छातीत दुखलं असेल. शेवटी शेजारच्या आनंदला फोन करून विचारलं, तो म्हणे गच्चीवर बसून आहेत. गच्चीवर! बसून!"

"चुकलं."

"यापुढे काही करायचं तर आधी मला सांगायचं. शपथ घ्या."

"शपथ."

त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले असावेत, कारण गच्चीवर आले तेव्हा त्यांच्या हाताला वरणफोडणीचा वास होता.

पुढे वीस-बावीस दिवस काही घडलं नाही. ते रोज पाणी द्यायचे, बेतानं. उन्हात जुनं धोतर बांधून सावली करायचे. नखानं साल खरवडून बघायचे. वरून तपकिरी, तपकिरी, तपकिरी, आणि अगदी खाली चार बोटं हिरवी. पुष्पादीदीनं सांगितलं होतं, वरचं वाळलेलं छाटून टाका. बाईंना विचारून त्यांनी तेही केलं. डब्यात आता जेमतेम वीतभर खुंट उरला.

आणि खाली, मातीत, माझ्याजवळ एक नवं मूळ आलं. जुन्या तपकिरी मुळाच्या बगलेतून निघालेलं, केसाएवढं. या वेळी मी एकटा होतो आणि माझ्याभोवती पाणी होतं. मी त्याला थोडंसं दिलं. ते गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं.

मार्च संपता संपता एका सकाळी खुंटाच्या तळाशी, मातीच्या अगदी लगत, एक कोंब दिसला. रत्नाकर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग खाली गेले आणि कात्री घेऊन आले.

माझं जे काही उरलं होतं, ते गोठलं.

त्यांचं काही चुकत नव्हतं. पुष्पादीदीनं बजावलं होतं, "नीचे से जो फूटे वो जंगली होता है. तुरंत तोड़ देना, वरना काँटे ही काँटे मिलेंगे." कलमी झाडाच्या बाबतीत ते खरंच असतं. झाड एकाचं, मुळं दुसऱ्याची, आणि खालून फुटतं ते त्या दुसऱ्याचं. या वेळी रत्नाकरांना नियम अगदी काटेकोर पाळायचा होता. पण शपथही होती. त्यांनी एका हातात कात्री धरली आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

"बोला, मी बाळाला तेल लावून राहिले."

"खालून एक फुटलंय. मातीजवळ. जंगली आहे, तोडून टाकतो."

"तुमच्या हातात काय आहे?"

"कात्री."

"खाली ठेवा."

"अगं, पण दीदी म्हणाली..."

"आधी खाली ठेवा. ठेवली?"

कात्री कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"ऐका आता. ते जोडलेलं कलम नाही. मी त्या झाडाच्या फांदीची साल गोल काढली होती, त्यावर ओलं शेवाळ बांधलं, वरून प्लास्टिक. दीड महिना तसंच ठेवलं. फांदीलाच मुळं फुटली, तेव्हा कापून आणली. गुटी म्हणतात त्याला. दुसऱ्याच्या मुळावर बसवलीच नाही तिला. मुळंही तिची, खोडही तिचं. वरून फुटो की खालून, आपलीच."

रत्नाकर हळूच म्हणाले, "म्हणजे हे... खमरियाचंच?"

"खमरियाचंच."

ते स्टुलावर बसले. फोनमधून बाळाचा कुरकुरण्याचा आवाज येत होता.

आता माझं फार थोडं उरलं आहे. ताटलीतले माझे सोबती वाळवून पुन्हा बरणीत ठेवलेत, कधीतरी तेही कुठेतरी जातील. तुमच्या घरी त्यांच्यातलं कोणी आलं तर एवढं करा. चिमूटभर द्या, बुंध्यापासून लांब द्या, पाण्याबरोबर द्या. आणि झाड सुकायला लागलं तर ते लपवत बसू नका, ज्याचं असेल त्याला सांगा. आम्ही वाईट नाही. आम्हाला एकदम इतकं जवळ आणलं की आमचंही काही चालत नाही.

वर बाई म्हणतायत, "व्हिडिओ लावा आता. दाखवा मला."

रत्नाकरांनी फोन कोंबाच्या इतका जवळ नेला आहे, की तो कोंबाला टेकलाच.

"अहो, जरा मागे घ्या. नुसतं हिरवं दिसून राहिलं."

"आता?"

"अजून थोडं. हां. हां, तिथंच धरा."

त्या हिरव्यात मी पोचलो आहे. या मुळाला अजून एक घोट हवा आहे, तेवढा देतो, आणि मी येतो.